दोन-अडीच महिने शाळा बंद. बुडालेले तास कसे भरायचे?

बुराईकाठ:
शिंदखेडा तालुक्यातली जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पहिली ते पाचवी, पट 46. वर्गखोल्या धोकादायक ठरल्या आणि जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत शाळा भरली नाही. कामाचे जवळपास 50 दिवस गेले. रोज जादा तास घ्यावा, रविवारी शाळा भरवावी की दिवाळीची सुट्टी कापावी? तिसरी-चौथीची काही मुलं जोडाक्षरालाच अडतात. पुढे कापूस वेचणी आहेच.

गिरणा_मास्तर:
आधी हिशेब मांडा, सर. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाला 200 दिवस आणि 800 तास, म्हणजे दिवसाला 4 तास. तुमचे 200 तास बुडाले. एप्रिलअखेर फार तर 130 दिवस मिळतील. रोज तासभर वाढवला तरी 70 तासांची तूट राहणारच. म्हणून सगळं भरून काढायच्या नादी लागू नका.

रविवारचा विचार सोडा. वेचणीच्या दिवसांत पोरं आईबापाबरोबर शेतात असतात. जी येतील त्यांना पुढे नेलं की न आलेली आणखी मागे पडतात. जादा तास परिपाठाच्या आधी ठेवा. शेवटी ठेवला तर मुलं पेंगतात आणि मोठ्या मुलींना घरच्या कामाची घाई असते. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची यादी आत्ताच करा, त्या मुलांचं वाचन आधी हातात घ्या. एप्रिलवर भिस्त नको. सकाळची शाळा असली तरी अकरानंतर पत्र्याखाली आपल्याकडच्या उन्हात कोणी शिकत नाही.

पांझरा_ताई:
तासांइतकाच प्रश्न गटांचा आहे. इयत्ता बाजूला ठेवून रोज दीड-दोन तास पातळीनुसार बसवा. चाचणी एकेका मुलाची, तोंडी: अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट. गणितात संख्याओळख, हातच्याची वजाबाकी, भागाकार. मुलामागे पाच मिनिटं धरली तर दोघांत मिळून एका सकाळीत उरकतं. पहिलीला यातून वगळा, त्यांचा पाया वेगळाच घ्यावा लागतो.

इथे हमखास चूक होते ती अशी: पाठ्यपुस्तकातलाच उतारा वाचायला देतात. तो पोरांना तोंडपाठ असतो. बोट एका ओळीवर, तोंड दुसऱ्या. नवा उतारा द्या. अर्थ विचाराल तेव्हा उत्तर अहिराणीत किंवा भिलीत आलं तरी पूर्ण धरा, नाहीतर समजलेलं मूलही खालच्या गटात जाईल.

शिक्षक दोन, म्हणून गट दोनच: अक्षर-शब्दवाले एकीकडे, परिच्छेद आणि त्यापुढचे दुसरीकडे. गटांना नद्यांची नावं द्या. ‘कच्चा गट’ म्हटलं की चौथीचा पोरगा दुसऱ्या दिवसापासून दांडी मारतो. दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासून मुलं हलवा. हे राहिलं की गट म्हणजे कायमची शिक्षा होते. हातच्याच्या वजाबाकीत बहुतेक मुलं दशक सुटा करण्यात अडतात, तिथे तुरीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे सोडायला लावा. फळ्यावर रीत दाखवून हे सुटत नाही.

बुराईकाठ:
मॅडम, पाचवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यांचा अभ्यासक्रम मागे राहील.

पांझरा_ताई:
गटाचे दोन तास सोडून उरलेल्या वेळात पाचवीचंच घ्या. मराठीतले सगळे पाठ सारख्या वजनाने घेऊ नका. चार-पाच नीट करा, बाकीचे प्रकट वाचनापुरते. गणितात अपूर्णांक, दशांश, मोजमाप सोडू नका. परिसर अभ्यासातले बरेच घटक चौथी-पाचवीला एकत्र शिकवून होतात.

गिरणा_मास्तर:
एक राहिलं. ठरलेलं वेळापत्रक शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात लिहा आणि केंद्रप्रमुखांना आधीच कळवा. नाहीतर भेटीच्या दिवशी पहिला प्रश्न येतो, दुसरीच्या तासाला चौथीची मुलं का बसलीत. पोषण आहाराची वेळ मात्र हलवू नका, हजेरी त्यावरच टिकते.