छाटणी वर्षातून दोनदा, वधस्तंभ रोजचा

"रविवारी उपासनेत मन भरून येतं, सोमवारी दुकानात बसलं की स्वार्थ पुन्हा मानगुटीवर" असं तुम्ही लिहिलंत. माझंही तेच. पण 'स्वतःला नाकारून आपला वधस्तंभ उचल आणि माझ्यामागे ये' हे येशूचं वचन मत्तय, मार्क, लूक या तिन्ही शुभवर्तमानांत असलं, तरी 'दररोज' हा शब्द फक्त लूक 9:23 मध्ये आहे. स्वार्थाचा एकदाच निकाल लागेल अशी अपेक्षाच नाही.

आमची पिंपळगावकडे थोडी द्राक्षबाग आहे. एप्रिलात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरात फळासाठी गोडी छाटणी. नवख्याला वाटतं, वाळकं तेवढं काढायचं. प्रत्यक्षात चांगली जोमदार काडीही कात्रीखाली जाते. फळ देणाऱ्या फांदीलाही पिता छाटतो, म्हणजे ती अधिक फळ देते, हे योहान 15:2 मधलं येशूचं वचन मला बागेत कळलं, चर्चमध्ये नाही (पाळकसाहेब, माफ करा).

परवा व्यापाऱ्याने हिशेबात चुकून साडेचार हजार जास्त दिले. परत केले, पण दोन रात्री उशाशी ठेवून! पहिल्या रात्री तर 'देवानेच दिले' म्हणून आभाराची प्रार्थनाही सुचली. स्वार्थ असा भक्तीचे कपडे घालून आला की ओळखूच येत नाही. आता पैशाचं काही असलं की आधी बायकोला सांगतो, मग प्रार्थनेला बसतो.