उसनी ताकद म्हणजे कुणाची?

सुईदोरा

इथल्या 'भरदुपार' यांच्या पडद्यावरच्या नायिकांवरच्या परवाच्या लेखातलं एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. "यंत्र बसवलेली नायिका सबळ स्त्री नव्हेच. तिची ताकद प्रयोगशाळेतून उसनी आणलेली. यंत्र काढलं की उरते ती बिचारी बाई." तिथेच प्रतिसाद लिहायला बसले, पण तो आवरेना, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

माझ्या पोटावर इन्शुलिन पंप आहे, १९ वर्षं झाली. दंडावर साखर मोजणारा सेन्सर आहे. पंप काढला तर मी 'बिचारी' होत नाही. आधी आजारी पडेन आणि दुसरी काही सोय झाली नाही तर मरेन. आता सांगा, यात उसनं काय आणि माझं काय?

पंप लावला की सगळं आपोआप होतं असं लोकांना वाटतं. दर तीन दिवसांनी कॅन्युला, म्हणजे कातडीखाली इन्शुलिन सोडणारी बारीक नळी, बदलायची, म्हणजे पोटावर नवी जागा हुडकायची. जुन्या जागी कातडीखाली गाठ धरते, तिथे टोचलं तर इन्शुलिन नीट शोषलं जात नाही. घास तोंडात घालण्याआधी कर्बोदकांचा हिशोब. रात्री तीनला साखर उतरली की अलार्म. आणि बायकांच्या कपड्यांना खिसा नसतो! पंप कमरेला अडकवायचा किंवा आतल्या कपड्यात खोचायचा. नळीचा लोंबता फास दाराच्या मुठीत अडकतो, आपण आपल्या नादात पुढे जातो आणि कॅन्युला कातडीतून उपटून निघते. ज्यांना हे होतं त्यांना तो 'चट्' आवाज माहीत आहे.

'बायोनिक वुमन', अंगात यंत्रं बसवलेली अमेरिकन टीव्ही मालिकेतली नायिका, तुम्ही लेखात उदाहरण म्हणून घेतलीत, ते बरंच झालं. १९७६ ला तिची स्वतंत्र मालिका आली, पण त्याआधी १९७५ मध्ये 'सिक्स मिलियन डॉलर मॅन' या मूळ मालिकेत तिला मारून टाकलं होतं. कारण काय? तिच्या शरीरानं यंत्र झिडकारलं. प्रेक्षकांनी पत्रं लिहिली, तेव्हा तिला परत आणावं लागलं. धावण्याचा वेग, वाकवलेली लोखंडी सळई हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. यंत्र आणि शरीर यांचं पटवून घेणं हे रोजचं काम आहे आणि ते तिचं तिलाच करावं लागतं, हे मात्र कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

भरदुपार

ताई, तुमच्या आजाराबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही. मी पडद्यावरच्या नायिकांबद्दल लिहिलं होतं. तुम्ही ते अंगाला लावून घेतलंत.

तुमच्याच उदाहरणावर बोलू. जेमी सॉमर्स, म्हणजे ती बायोनिक वुमन, ही नावाजलेली टेनिसपटू. आकाशातून उडी मारताना पडते. तिचा प्रियकर वरिष्ठांच्या विनवण्या करतो, म्हणून तिला दोन पाय, उजवा हात आणि कान मिळतात. मोबदला म्हणून सरकारी गुप्त कामगिऱ्या करायच्या. परत जिवंत केल्यावर तिची प्रियकराची आठवणही पुसलेली असते. शरीर कर्जाऊ आणि स्मृती दुसऱ्याच्या मर्जीची. याला मी सबळ कसं म्हणू? १९९१ च्या 'टर्मिनेटर २' मधली सारा कॉनर बघा. वेड्यांच्या इस्पितळातल्या खाटेची चौकट भिंतीला उभी लावून त्यावर दंड कमावते. यंत्र तिच्या शेजारी उभं आहे, तिच्या अंगात नाही. माझ्या लेखी ती सबळ.

सुईदोरा

मला 'ताई' म्हणून समजूत घालू नका. अंगाला लावून घेतलं म्हणता, पण ते अंगालाच लावलेलं आहे, पोटावर.

एकोणपन्नास

दोघांनाही एक प्रश्न. पंप, पेसमेकर, कृत्रिम गुडघा, सगळ्यालाच 'सायबॉर्ग', म्हणजे यंत्र अंगात मुरलेला माणूस, म्हणायला लागलो तर चष्मेवाल्यांनी काय घोडं मारलं? शब्द इतका ताणला की त्याला अर्थच उरत नाही. वैद्यकीय उपकरण वेगळं आणि वर्धित माणूस वेगळा. उपकरणानं आपण कमी असतो ते भरून येतं. वर्धन म्हणजे आहे त्याच्या पलीकडे जाणं.

सुईदोरा

शब्द ताणलेला नाही, तो मूळचाच आमचा आहे. १९६० मध्ये मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन यांनी अंतराळ प्रवासावरच्या लेखात 'सायबॉर्ग' शब्द काढला. माणूस अवकाशात राहायचा असेल तर त्याच्या शरीराचे काही व्यवहार यंत्रानं त्याच्या नकळत सांभाळावेत, ही कल्पना. त्या लेखात पहिला सायबॉर्ग म्हणून फोटो कुणाचा आहे? २२० ग्रॅम वजनाच्या उंदराचा. त्याच्या कातडीखाली पंप बसवलाय, सतत हळूहळू औषध सोडणारा. ना पोलादी हात, ना लाल डोळा, नुसता पंप. चष्मा नाकावर बसतो, तो रक्तातली साखर बघून स्वतः निर्णय घेत नाही. माझा पंप घेतो.

एकोणपन्नास

उंदराचं माहीत नव्हतं. बरं, चष्म्याचा मुद्दा सोडला. 'पलीकडे जाण्या'चा सोडलेला नाही.

पाऊलवाट

माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. 'पलीकडे जाणं' हा शब्द वाचला की माझं डोकं फिरतं.

लोकांनी कार्बन फायबरची धावायची पाती बघितलेली असतात. १९९६ च्या अटलांटा पॅरालिंपिकमध्ये एमी मलिन्स तसल्या पात्यांवर धावली. पुढे १९९९ मध्ये तिनं एका फॅशन शोमध्ये ॲश लाकडाचे कोरीव पाय घातले, तर कित्येकांना ते बूटच वाटले. ती बाई थोर आहे, वाद नाही. पण त्यानंतर माझ्याकडे बघणाऱ्या प्रत्येकाला मी एक तर चित्त्यासारखा धावणारा हवा असतो, नाही तर केविलवाणा. मधलं काही चालतच नाही. मी जिना चढलो की अनोळखी माणसं टाळ्या वाजवतात. मी फक्त वरच्या मजल्यावर चाललेला असतो.

सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या खोबणीत, घाम साचतो, दुपारपर्यंत खुंट आकसतो, मग पाय आत खेळायला लागतो. मोजा चढवायचा, पुन्हा घालायचा. खुंटाला फोड आला तर आठवडाभर पाय कोपऱ्यात उभा आणि मी कुबड्यांवर. चित्रपटात कुठल्याही सायबॉर्गला फोड येत नाही. माझा राग त्यावर आहे. नायिका सबळ की अबला हे तुमचं तुम्ही ठरवा.

भरदुपार

पाऊलवाट, हे पटलं. पण तुम्ही माझ्याच बाजूनं बोलताय. पडद्यावरचं यंत्र खोटं आहे, हेच मी म्हणतोय.

पाऊलवाट

नाही. खोटं आहे ते यंत्राचं कष्टाशिवाय चालणं. तुम्ही बाईलाच खोटी ठरवलीत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८६ च्या 'एलियन्स' चित्रपटात नायिका रिप्ली माल उचलायच्या यंत्रात शिरून लढते, तेव्हा ते यंत्र तिला चालवता येतं हे आधीच दाखवलेलं आहे. तिनं माल चढवण्या-उतरवण्याचं काम केलेलं असतं. ताकद यंत्राची, हात कसलेला तिचा. यात उसनं काही नाही.

तिन्हीसांज

थोडं अवांतर, पण राहवत नाही. माझ्या लेकीला दीड वर्षाची असताना कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे ऐकू यावं म्हणून कानात शस्त्रक्रियेनं बसवायचं यंत्र, केलं. आता ती १२ वर्षांची आहे. आत इलेक्ट्रोड, बाहेर कानामागे प्रोसेसर आणि डोक्याला चुंबकानं चिकटणारी कॉइल. खाली वाकली की कॉइल सुटून लोखंडी कपाटाला जाऊन चिकटते आणि तिचं जग एकदम बंद होतं. चेहरा लगेच बदलतो. मग ती कपाट चाचपत बसते.

गेल्या वर्षी कंपनीनं कळवलं की तिच्या प्रोसेसरचं मॉडेल बंद झालं, सुटे भाग संपेपर्यंत मिळतील, नंतर नवा घ्या. डोक्यातलं यंत्र आयुष्यभराचं आणि बाहेरचं मोबाइलसारखं जुनं होणार! शस्त्रक्रियेच्या वेळी हे कुणी धड सांगितलं नव्हतं. 'उसनी ताकद' हा शब्द मला यासाठी लागू वाटतो. माझ्या लेकीचं ऐकणं कंपनीच्या मर्जीवर आहे.

एकोणपन्नास

हे फक्त तुमचंच नाही. सेकंड साइट कंपनीचं आर्गस २ हे दृष्टिपटलावर बसवायचं यंत्र जगभरात साडेतीनशेहून अधिक अंध लोकांनी घेतलं. मग कंपनीनं ते बनवणं थांबवलं, पुढे आधारही आटला, आणि बंद पडलेली यंत्रं लोकांच्या डोळ्यांतच राहिली. १९९५ च्या 'घोस्ट इन द शेल' या चित्रपटात यंत्राचं शरीर असलेली नायिका मेजर म्हणते की नोकरी सोडली तर हे शरीर सरकारला परत द्यावं लागेल. तेव्हा ते कल्पनेतलं वाटलं होतं.

खूणगाठ

मी जन्मापासून बहिरी आहे आणि खुणांच्या भाषेत बोलते. तिन्हीसांज, तुमच्या लेकीबद्दल माया वाटली, पण "तिचं जग एकदम बंद होतं" हे वाक्य मला सहन झालं नाही. माझं जग बंद नाही. दीड वर्षाच्या मुलीला कुणी विचारलं होतं? तिला खुणांची भाषा शिकवलीत का? की मशीन लावलं, मुलगी दुरुस्त झाली, विषय संपला?

तिन्हीसांज

दीड वर्षाच्या मुलीला विचारता येत नाही! भाषा मेंदूत रुजायची वेळ निघून जाते, थांबायला सवड नसते. तुम्ही माझ्या जागी नव्हता. यंत्र पहिल्यांदा चालू केलं त्या दिवशी ती दचकून रडली आणि मी तिच्यापेक्षा जास्त रडले. मॅपिंगच्या, म्हणजे यंत्र तिच्या ऐकण्याला जुळवून घेण्याच्या, किती खेपा घातल्या त्याला गणती नाही. 'दुरुस्त' हा शब्द मी वापरलेला नाही, तो तुम्ही माझ्या तोंडी घातलात.

खूणगाठ

भाषा रुजायची वेळ निघून जाते हे मलाही माहीत आहे. म्हणूनच विचारते आहे. खुणांची भाषा पहिल्या दिवसापासून देता येते, त्याला शस्त्रक्रिया लागत नाही. 'खुणा शिकली तर बोलायची नाही' असं सांगून माझ्या आईला घाबरवलं होतं. मी सात वर्षांची होईपर्यंत माझ्याकडे कुठलीच भाषा नव्हती. भूक लागली हे मी ओढून दाखवायची. माझा राग तुमच्यावर नाही, त्या सांगणाऱ्यांवर आहे. पण ऐकून घ्यायला तुम्हीच समोर आहात.

तिन्हीसांज

आम्हालाही तेच सांगितलं होतं. शब्दन् शब्द. आम्ही ऐकलं, शिकवलं नाही.

भरदुपार

धागा कुठून कुठे गेला. पण या सगळ्या कहाण्यांत बाया यंत्राच्या, कंपन्यांच्या, डॉक्टरांच्या हातात आहेत. म्हणजे मी म्हटलं तेच.

सुईदोरा

नाही! तुम्ही वाचत नाही आहात.

१९५८ मध्ये स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन नावाचा माणूस दिवसातून कितीतरी वेळा बेशुद्ध पडत होता. शरीरात बसवायचा पेसमेकर माणसासाठी तयार नव्हता, सर्जन आणि अभियंता दोघांनी तसं सांगितलं. त्याची बायको एल्से-मारी दोघांच्या मागे हात धुवून लागली, तेव्हा त्यांनी तो बनवला. ८ ऑक्टोबरला बसवला. पहिला काही तासच चालला. पण आर्ने त्यानंतर २००१ पर्यंत जगला, २६ यंत्रं बदलून, त्या सर्जन आणि अभियंत्याच्याही मागे. यंत्र नवऱ्याच्या अंगात होतं, ताकद कुणाची होती?

डेना लुईस माझ्यासारखीच मधुमेही. ती झोपेत असायची आणि सेन्सरचा अलार्म तिला उठवण्याइतका मोठा नव्हता. कंपन्यांनी ऐकलं नाही. २०१३ पासून तिनं जोडीदाराबरोबर साखर बघून इन्शुलिन आपोआप कमी-जास्त करणारी प्रणाली स्वतः लिहिली, २०१५ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली. जुळणारा पंप आणि सेन्सर असेल तर कुणीही ती वापरून ते जोडू शकतो. रात्री तीनचे माझे अलार्म त्यामुळे निम्म्यावर आले.

कॅरन सँडलर वकील आहे, छातीत डिफिब्रिलेटर आहे, म्हणजे ठोके बिघडले की विजेचा झटका देणारं यंत्र. गरोदरपणात धडधड वाढते, ते स्वाभाविक आहे. यंत्राला तो धोका वाटला आणि त्यानं तिला विनाकारण झटके दिले. तिनं आतला प्रोग्राम वाचायला मागितला, कंपन्यांनी नाही म्हटलं. ती अजून मागते आहे. आपल्याच छातीत काय चाललंय ते वाचू द्या, एवढंच तिचं म्हणणं.

यंत्र काढलं की काय उरतं, असं तुम्ही लिहिलंत. यंत्र असताना त्याच्याशी कोण भांडतं, ते बघा.

एकोणपन्नास

गरोदर बाईची धडधड यंत्राला ओळखता येऊ नये, ही चूक यंत्राची नाही, ते कुणाला समोर ठेवून बनवलं त्यांची आहे. 'उपकरण' आणि 'वर्धन' अशी मी ओढलेली रेघ इथे उपयोगाची नाही. मागे घेतो.

भरदुपार

सँडलरचं उदाहरण माझ्याकडे नव्हतं. "यंत्र काढलं की उरते ती बिचारी बाई" हे वाक्य लेखातून काढतो. जेमी सॉमर्सबद्दलचं मत कायम आहे. ती एकदाही त्या सरकारी खात्याची झाली नाही असं कुणी दाखवून दिलं तर बघू.

सुईदोरा

त्याच्या आधीचं 'उसनी' वाक्यही काढा. तेही तितकंच चूक आहे.

भरदुपार

ते राहू द्या. तिन्हीसांज यांनीही तोच शब्द वापरलाय.

तिन्हीसांज

मी वापरला तो कंपनीला उद्देशून, लेकीला नाही. माझ्या शब्दाचा आडोसा घेऊ नका.

खूणगाठ, १२ वर्षांच्या मुलीला आता खुणांची भाषा शिकता येईल का? कॉइल पडते तेव्हा तरी तिला आमच्याशी बोलता यावं. मलाही शिकावी लागेल.

खूणगाठ

येईल. तिच्या आधी तुम्ही सुरुवात करा, मुलं घरात बघून उचलतात. व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. आणि तो जुना प्रोसेसर टाकून देऊ नका, चालू असेल तर नवा दुरुस्तीला गेल्यावर तोच कामी येतो. माझ्या मैत्रिणीनं टाकला आणि तीन आठवडे काही न ऐकता काढले. तिला खुणा येत होत्या, म्हणून निभावलं.