जुन्या प्रतीत खोडलेला मजकूर : आनुई यांचे ‘अँटिगनी’

प्रश्न :
फ्रेंच नाटककार झाँ आनुई यांच्या ‘अँटिगनी’ या नाटकाची इंग्रजी प्रत मला जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाली. त्यात लुई गॅलंटियेर यांचे नाव रूपांतरकार म्हणून छापले आहे. प्रत पूर्वी तालमीसाठी वापरलेली दिसते. समासात पात्रांच्या येण्याजाण्याच्या खुणा आहेत आणि राजा क्रेऑन आणि त्याची बंदी मोडून भावाच्या प्रेतावर माती घालणारी त्याची भाची अँटिगनी यांच्या दीर्घ प्रवेशातील, तिच्या एकमेकांशी लढून मेलेल्या दोन्ही भावांविषयीचा मजकूर शिसपेन्सिलीने खोडलेला आहे. प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीजच्या मूळ नाटकात हा भाग नसल्यामुळे आमच्या गटाने अभिवाचनात तो वगळला तर चालेल का?

प्रतिसाद १ :
कृपया वगळू नका, कारण आनुई यांच्या नाटकाचा कणाच तो आहे. सोफोक्लीजची अँटिगनी देवांच्या अलिखित नियमांसाठी उभी राहते. आनुई यांनी मात्र तिच्याकडून तो आधार काढून घेतला आहे. क्रेऑन तिला सांगतो की दोघेही भाऊ सारखेच नीच होते, घोड्यांच्या टापांखाली त्यांच्या प्रेतांचा इतका चेंदामेंदा झाला होता की कोण कोणता हे ओळखूही येत नव्हते, आणि त्यातल्या त्यात बऱ्या स्थितीतले प्रेत उचलून आपण त्याला राजकीय इतमामाने निरोप दिला. हे ऐकल्यावर अँटिगनी खरोखरच आपल्या खोलीकडे जायला निघते. मग क्रेऑन तिचा वाग्दत्त वर असलेल्या आपल्या मुलाशी, हेमॉनशी, लग्न आणि सुखाचा संसार यांविषयी बोलू लागतो आणि तिथेच ती पुन्हा बिथरते. भावांचा भाग कापला, तर तिने आधी माघार का घेतली हे श्रोत्यांना कळणार नाही आणि नंतरचा नकार निव्वळ हट्ट वाटेल.

प्रतिसाद २ :
वरील मताशी मी सहमत आहे. या नाटकाचा पहिला प्रयोग फेब्रुवारी १९४४ मध्ये पॅरिसच्या आतलिए नाट्यगृहात, जर्मन अंमलाखाली आणि सेन्सॉरच्या परवानगीने झाला. अँटिगनीच्या नकारात अनेकांना प्रतिकाराचा आवाज ऐकू आला, तर भूमिगत वृत्तपत्रातून नाटकावर कडक टीकाही झाली, कारण क्रेऑनचा युक्तिवाद तिथे फार समर्थपणे मांडलेला आहे. कुणीतरी होकार देऊन राज्याचा गाडा हाकलाच पाहिजे, हे त्याचे म्हणणे त्या दिवसांत पॅरिसमध्ये ऐकणे किती जड गेले असेल! म्हणून क्रेऑनचे संवाद वाचणाऱ्याने त्याला खलनायक करू नये. थकलेला, समजूतदार आणि म्हणूनच भयंकर असा तो वाचला जावा.

तुमच्या प्रतीबद्दल एक सूचना करतो. गॅलंटियेर यांचे हे रूपांतर १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आले, आणि ते शब्दशः भाषांतर नाही. तुमच्यापैकी कुणाला फ्रेंच येत असल्यास निदान हा प्रवेश मूळ संहितेशी ताडून पाहावा; अन्यथा बार्बरा ब्रे यांचे नंतरचे इंग्रजी भाषांतर शेजारी ठेवावे.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही आभार. खोडलेला मजकूर आम्ही पूर्ण वाचू. वेळेत बसवण्यासाठी दुसरीकडे कुठे काटछाट करता येईल?

प्रतिसाद १ :
दाईचे संवाद थोडे आखडते घेता येतील, कारण तिचा जिव्हाळा पहिल्या काही वाक्यांतच पोहोचतो. सुरुवातीचे कोरसचे, म्हणजे निवेदकाचे, निवेदन मात्र संपूर्ण ठेवा. कोण मरणार आहे हे तिथे आधीच सांगितले जाते आणि पुढचा सारा वाद त्या जाणिवेखालीच ऐकायचा असतो. शेवटी पहारेकऱ्याला पत्र सांगताना आपण कशासाठी मरत आहोत हे आता कळत नाही, असे अँटिगनी म्हणते आणि लगेच ते खोडायला लावते. तेवढ्या जागी वाचनाची गती मुद्दाम कमी ठेवा.