डोक्याला मार लागला की माणूस खरंच नाव-गाव विसरते का?

संत्रा_बर्फी:
आमच्या घरी रात्री जेवताना सिरियल चालू असते. त्यातली सून जिन्यावरून पडली अन् आता नवऱ्यालाच ओळखून नाही राह्यली, पण पोळ्या मस्त गोल लाटते. आई म्हणते होते असं. इकडे माझा मामेभाऊ वर्धा रोडवर गाडीवरून घसरला (हेल्मेट डिक्कीत, अजून काय), त्याला त्या दिवशीचं काहीच आठवत नाही, पण शुद्धीवर आल्याबरोबर मामीला विचारते माझा मोबाइल कुठाय. ओळख-बिळख सगळी शाबूत. मग खरं काय जी? अन् परत डोकं आपटलं की सगळं वापस येते म्हणतात ते?

धरमपेठी_मुलगी:
एमए सायकॉलॉजी चालू आहे म्हणून सांगते. तुमच्या भावाचं झालं तेच नेहमीचं. मार लागायच्या आधीचा थोडा वेळ अन् नंतरचा गोंधळलेला काळ मेंदूत नीट साठवलाच जात नाही, त्यामुळे त्यातलं बरंचसं कधी वापस येत नाही. जुनं टिकते, ताजं आधी जाते, हे रिबो नावाच्या फ्रेंच माणसानं 19व्या शतकातच मांडलं होतं. सिरियलमध्ये बरोबर उलटं, अख्खं लग्न गायब अन् काल भेटलेला डॉक्टर पक्का लक्षात.

अमेरिकेतला हेन्री मोलेसन वाचा. 1953 मध्ये, 27 वर्षांचा असताना, फिट्स थांबाव्या म्हणून मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा (नवीन आठवणी पक्क्या करणारी जागा) बराच भाग काढला. नाव माहीत, लहानपण माहीत, बुद्धी ठीक, पण नवीन काही टिकेचना. ब्रेंडा मिल्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई वर्षानुवर्षं त्याच्यावर अभ्यास करत होत्या अन् त्याच्यासाठी त्या दर वेळी अनोळखीच. पण आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली तर हात दिवसेंदिवस सुधारत गेला, आधी कधी केल्याचं मात्र आठवत नव्हतं. हाताची सवय वेगळीकडे साठते, म्हणून गोल पोळ्यांचं तेवढं सिरियलवाल्यांना माफ.

तर्री_मारके:
म्हणजे गजनी खरा होता का बे 😂

धरमपेठी_मुलगी:
बऱ्यापैकी! मार लागल्यावर नवीन आठवणी टिकत नाहीत, तो भाग बरोबर आहे. फक्त 15 मिनिटांचा अलार्म लावल्यासारखं नसते, लक्ष दुसरीकडे गेलं की गेलं. सॅली बॅक्सेंडेल या न्यूरोसायकॉलॉजिस्टनं 2004 मध्ये बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सिनेमातल्या स्मृतिभ्रंशावर लेख लिहिला होता, त्यात 'मेमेंटो'ची (गजनी ज्यावरून सुचला तो इंग्रजी सिनेमा) तारीफ आहे, अन् 'फाइंडिंग नीमो' या कार्टून सिनेमातल्या विसरभोळ्या डोरी मासोळीची पण.

नाइट_ड्युटी:
मी नर्स आहे. परत आपटून वापस येते ही निव्वळ फेकमफाक, दुसऱ्यांदा मार बसला तर अजून बिघडते, घरी कोणी प्रयोग करू नका. नाव विसरणारेही असतात, पण फार कमी, अन् बहुतेक वेळा डोक्याला काही झालेलंच नसते, मनाला जबर धक्का बसलेला असतो.

एकदा एक काकू आल्या होत्या. स्वतःचं नाव, पोरांची नावं, घर सगळं बरोबर, फक्त दर दोन मिनिटांनी "अहो, मी इथं कशी आली?" तोच सूर, तसाच पदर सावरणं. काकांनी शेवटी चिठ्ठीवर लिहून दिलं, त्यांनी वाचलं, घडी करून उशीखाली ठेवलं अन् वळून परत तेच. दुसऱ्या दिवशी एकदम ठीक, ती दुपार मात्र गेली ती गेलीच. ट्रान्झियंट ग्लोबल अॅम्नेशिया म्हणतात, साधारण पन्नाशीनंतर होते, 24 तासांच्या आत उतरते. पण स्ट्रोक तर नाही ना हे पाहावंच लागते, म्हणून घरी वाट पाहत बसू नका.

संत्रा_बर्फी:
भारी माहिती ताई. एक अजून, भाऊ आता म्हणून राह्यला की कुत्रं आडवं आलं ते आठवते. आधी तर काहीच आठवत नव्हतं, आता इन्शुरन्सवाल्याला काय सांगायचं?

नाइट_ड्युटी:
कुत्र्याचं त्याला कोणी सांगितलं ते आधी विचारा. भेटायला येणारा प्रत्येक जण आपली स्टोरी सांगून जाते अन् ऐकून ऐकून पेशंटला ते स्वतःचंच वाटायला लागते, मुद्दाम खोटं नाही बोलत तो. पण क्लेममध्ये "आठवत नाही" असंच लिहा.