मदत हवी आहे: कमी लोडवर लिक्विड डिस्ट्रिब्युटर असमान वाटप करतो

मंडळी, १२०० मिमी व्यासाच्या पॅक्ड कॉलममध्ये (पॅकिंग भरलेला डिस्टिलेशनचा उभा स्तंभ) ऑरिफिस पॅन डिस्ट्रिब्युटर आहे, म्हणजे द्रव पॅकिंगवर सारखा पसरवणारा तळाला भोकं असलेला पॅन: ६ मिमीची ११३ भोकं, गॅस रायझरची (वाफ वर जाण्याच्या नळ्या) उंची २५० मिमी. १२ घनमीटर प्रति तासाला पॅनवर साधारण १४५ मिमी पातळी राहते आणि सेपरेशन व्यवस्थित होतं. फ्लो ५ वर आणला की पातळी जेमतेम २५ मिमी उरते आणि वरच्या प्रॉडक्टची शुद्धता घसरते.

पॅन एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ८ मिमी कललेला आहे. २१ आणि २९ मिमी पातळीच्या भोकांमधल्या प्रवाहात सुमारे १७ टक्के फरक पडतो, त्यामुळे रिफ्लक्स (वरून कॉलममध्ये परत सोडलेला द्रव) वाढवून उपयोग नाही. लेव्हलिंग तर करायचंच आहे, पण तेवढ्याने भागेल असं वाटत नाही.

भोकं ५ मिमी केली तर ५ च्या फ्लोला ५२ मिमी मिळतात, पण पूर्ण लोडला ३०० मिमी लागतील, म्हणजे द्रव थेट रायझरमधून खाली. शिवाय तळाची भोकं गंजाच्या कणांनी बुजतात ती वेगळीच.

म्हणून ड्रिप ट्यूबचा (पॅनमध्ये उभ्या बसवलेल्या, बाजूला भोकं असलेल्या नळ्या) विचार आहे: प्रत्येकीला ५ मिमीची दोन भोकं, खालचं पॅनपासून ४० मिमीवर, दुसरं त्याच्या ९० मिमी वर. अडचण एकच, ६.५ घनमीटरच्या आसपास वरचं भोक एका बाजूला वाहील, दुसरीकडे कोरडं राहील.

वरचं भोक कमी व्यासाचं ठेवून प्रवाहाच्या या पट्ट्यातली असमानता कोणी सौम्य केली आहे का? पाण्याच्या चाचणीत भोकागणिक किती फरक चालवून घेता?