आयफोन १७ की १७ प्रो: नाटकाच्या तालमी आणि प्रयोग टिपण्यासाठी ५२,००० रुपयांचा फरक सार्थ ठरेल का?

मुलुंडकर (प्रश्न)

नमस्कार. मुलुंडमधील आमच्या हौशी नाट्यसंस्थेत छायाचित्रे आणि चित्रीकरण यांची जबाबदारी माझ्याकडे आहे. आम्ही सगळेच नोकरदार. संध्याकाळी तालमी होतात आणि स्पर्धांच्या हंगामात दादर, पार्ले, ठाणे अशा ठिकाणी प्रयोग असतात. माझ्या सध्याच्या फोनची बॅटरी एक एकांकिका संपेपर्यंतही टिकत नाही, त्यामुळे आयफोन १७ मालिकेतला फोन घ्यायचा, इथपर्यंत निर्णय झाला आहे. अडले आहे ते साधा १७ घ्यावा की १७ प्रो, या प्रश्नावर. सप्टेंबर २०२५ मध्ये हे फोन आले तेव्हा २५६ जीबीच्या किमती अनुक्रमे ८२,९०० आणि १,३४,९०० रुपये जाहीर झाल्या होत्या. वरचे ५२,००० रुपये माझ्यासारख्याने विचार न करता घालावेत अशी रक्कम नाही.

आयफोन १६ पर्यंत ही निवड तुलनेने सोपी होती, कारण साध्या फोनची स्क्रीन ६० हर्ट्झची (म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारी) आणि प्रोची १२० हर्ट्झची असल्याने हातात घेतल्याबरोबर फरक जाणवत असे. या वेळी साध्या १७ लाही ६.३ इंची, १२० हर्ट्झची स्क्रीन मिळाली आहे, साठवणुकीची सुरुवात दोन्हींत २५६ जीबीपासून होते आणि समोरचा १८ मेगापिक्सेलचा कॅमेराही दोन्हींत आहे. त्यामुळे रोजच्या वापरापुरता साधा फोन मला पुरेल याबद्दल शंका नाही. शंका आहे ती नाटकाच्या कामाबद्दल. साधारण ४५ मिनिटांची एकांकिका सलग चित्रित करायची असते, म्हणजे नंतर कलाकारांना आपल्या हालचाली आणि जागा पाहता येतात. शिवाय जाहिरातीसाठी चेहऱ्यांचे भाव स्पष्ट दिसणारी काही छायाचित्रे लागतात. प्रयोगाच्या वेळी मला बहुधा सहाव्या-सातव्या रांगेतच जागा मिळते. प्रोच्या झूमचा आणि फोन थंड ठेवण्याच्या त्या नव्या व्यवस्थेचा मला खरोखर उपयोग होईल का? फोन चार-पाच वर्षे वापरायचा आहे. प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तिसरी_घंटा

मी १७ प्रो वापरतो आणि प्रायोगिक नाटकांची छायाचित्रे काढतो, म्हणून फक्त कॅमेऱ्यापुरते लिहितो.

तुम्ही रंगमंचापासून सुमारे दहा मीटरवर बसला आहात असे धरू. साध्या १७ चा मुख्य कॅमेरा २६ मिलिमीटर समतुल्य लेन्सचा आहे. फोन आडवा धरला तर या अंतरावरून त्याच्या चौकटीत तेरा-चौदा मीटर रुंदीचे दृश्य मावते, म्हणजे संपूर्ण रंगमंच, दोन्ही विंगा आणि पुढच्या प्रेक्षकांची डोकीसुद्धा. ४८ मेगापिक्सेलच्या सेन्सरचा मधला भाग वापरून तो फोन दुप्पट झूम देतो तेव्हा ही रुंदी सात मीटरच्या आत येते आणि चित्रही चांगले राहते. त्यापुढे मात्र आहे तेच चित्र ताणून मोठे केले जाते. भुवयांची हालचाल, ओठांचा ताण, डोळ्यांतले पाणी या गोष्टी त्यात पुसल्या जातात, आणि तुम्हाला तर नेमक्या त्याच हव्या आहेत.

प्रोमध्ये याखेरीज चौपट झूमची, १०० मिलिमीटर समतुल्य अशी स्वतंत्र टेलिफोटो लेन्स आहे आणि तिच्यामागचा सेन्सरही ४८ मेगापिक्सेलचा आहे. दहा मीटरवरून तिच्या चौकटीत साडेतीन मीटरच्या आसपास रुंदी मावते, म्हणजे समोरासमोर उभी दोन पात्रे, त्यांच्यामधले अंतर आणि दोघांचे चेहरे. त्याच सेन्सरचा मधला भाग वापरून आठपट झूम मिळते तेव्हा एकच पात्र कमरेपासून वर भरून दिसते. सातव्या रांगेतून असे छायाचित्र साध्या १७ वर निघत नाही, आणि ही उणीव कोणत्याही ॲपने किंवा सेटिंगने भरून येत नाही.

आता जाहिरातीत न सांगितली जाणारी बाजू. टेलिफोटोचे छिद्र एफ २.८ आहे, तर प्रोच्याच मुख्य कॅमेऱ्याचे एफ १.७८ (हा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान). म्हणजे सेन्सरच्या तेवढ्याच पृष्ठभागावर पोचणारा प्रकाश जवळपास अडीच पटींनी कमी, आणि टेलिफोटोचा सेन्सर लहान असल्याने त्यात आणखी घट. रंगमंचावर जनरल प्रकाश किंवा उबदार स्पॉट असतो तेव्हा हे फारसे जाणवत नाही. पण प्रकाशयोजना निळ्या रात्रीची असेल, किंवा एकाच कोपऱ्यात मंद दिवा असेल, तर स्क्रीनवर चार पट लिहिलेले असतानाही फोन मुकाट्याने मुख्य कॅमेऱ्याकडे वळतो आणि त्याचेच चित्र कापून देतो. हे ओळखायचे असेल तर लेन्सपुढे बोट धरून पाहावे: टेलिफोटो झाकूनही चित्र दिसत राहिले, तर ते मुख्य कॅमेऱ्याचे आहे. अशा प्रवेशांत प्रोचा फायदा बराच कमी होतो. अगदी नाहीसा होत नाही, कारण प्रोच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर साध्या १७ पेक्षा मोठा आहे आणि कापलेले चित्रही त्यामुळे थोडे अधिक स्वच्छ येते.

तुमच्या नाटकांत काळोख किती आणि उजेड किती, हे तुमच्या प्रकाशयोजनाकाराला विचारा. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्याच्याकडे आहे.

संकलक_विलेपार्ले

वरचा प्रतिसाद छायाचित्रांपुरता मला पूर्ण मान्य आहे. चित्रीकरणाबाबत मात्र माझे मत वेगळे आहे, आणि धागाकर्त्यांची मुख्य गरज सलग चित्रीकरणाची असल्याने ते थोडे विस्ताराने मांडतो.

प्रोमधील व्हिडिओच्या खास सोयी, म्हणजे प्रोरेस (फारसे न आकुंचवता साठवलेले चित्रण), लॉग (नंतर रंगदुरुस्ती करता यावी म्हणून मुद्दाम फिकट ठेवलेले चित्रण) आणि सेकंदाला १२० चौकटींचे ४के चित्रण, नाटकाच्या नोंदीसाठी लागतच नाहीत. हिशेब पाहा. नेहमीच्या पद्धतीने ४के, सेकंदाला ३० चौकटी असे चित्रीकरण केले तर मिनिटाला सुमारे १७० एमबी जागा लागते, म्हणजे ४५ मिनिटांची एकांकिका साडेसात जीबीच्या आसपास बसते. तेच प्रोरेसमध्ये केले तर मिनिटाला ६ जीबीच्या आसपास लागतात आणि एकांकिका २७० जीबीची होते. ती २५६ जीबीच्या फोनमध्ये मावणारच नाही, बाहेरून एसएसडी (साठवणुकीची वेगवान डिस्क) जोडावी लागेल. रंगदुरुस्ती करून माहितीपट बनवणाऱ्यांसाठी ती सोय मोलाची आहे. कलाकारांना आपली जागा चुकली की नाही हे पाहायचे असेल, तर साध्या चित्रीकरणात काहीही कमी पडत नाही. यूएसबीच्या वेगाचेही तसेच. साध्या १७ चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट आणि प्रोचा १० गिगाबिट, हा फरक कागदावर फार मोठा वाटतो, पण साडेसात जीबीची फाइल साध्या फोनवरूनही चहा होईपर्यंत लॅपटॉपवर उतरते.

उष्णतेचा मुद्दा खरा आहे. १५ प्रो आणि १६ प्रो या फोनची बाहेरची चौकट टायटॅनियमची होती. १७ प्रोमध्ये ॲपल ॲल्युमिनियमकडे वळली, कारण ते उष्णता फार चांगली वाहून नेते, आणि आत व्हेपर चेंबर बसवले. या बंदिस्त पोकळीत अगदी थोडे पाणी असते. प्रोसेसरजवळ त्याची वाफ होते, ती गार भागाकडे जाऊन पुन्हा पाणी बनते आणि उष्णता संपूर्ण चौकटीत पसरते. साध्या १७ मध्ये ही व्यवस्था नाही. वातानुकूलित नाट्यगृहात ४५ मिनिटांच्या चित्रीकरणाला तिची गरज नाही. मे महिन्यात पंख्याखाली, शाळेच्या वर्गात चालणाऱ्या तालमीत मात्र फोन तापतो आणि स्क्रीन आपोआप मंद होते. कव्हर काढून ठेवणे, चित्रीकरण चालू असताना चार्जर न लावणे आणि स्क्रीनचा उजेड आधीच कमी करणे, एवढ्याने बहुतेक वेळा काम भागते. स्क्रीनचा उजेड कमी असणे मागच्या रांगेतल्या प्रेक्षकांसाठीही आवश्यकच आहे.

ज्याबद्दल कोणीच विचारत नाही तो आवाज. झूम केल्याने चित्र जवळ येते, संवाद येत नाहीत. सातव्या रांगेतून मिळणाऱ्या आवाजात प्रेक्षकांचा खोकला, वातानुकूलन यंत्राची घरघर आणि सभागृहाचा घुमारा मिसळलेला असतो, मग फोन कोणताही असो. हळू आवाजातले स्वगत त्यात हमखास हरवते. दोन्ही फोनना यूएसबी-सी आहे, त्यामुळे बिनतारी माइकचा रिसीव्हर थेट जोडता येतो आणि माइक रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवता येतो. ५२,००० रुपयांतली लहानशी रक्कम अशा माइकवर आणि एका भक्कम ट्रायपॉडवर खर्च केली, तर तुमच्या नोंदीत जी सुधारणा होईल ती प्रोची कोणतीही लेन्स करू शकत नाही. माझे मत साध्या १७ च्या बाजूने आहे.

दुरुस्ती_दादर

माझे दादरला मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. कॅमेऱ्याबद्दल वरच्या दोघांनी उत्तम लिहिले आहे, मी चार-पाच वर्षे टिकण्याबद्दल लिहितो.

समोरची काच दोन्हींत सिरॅमिक शील्ड २ आहे. प्रोच्या पाठीलाही या वेळी सिरॅमिक शील्ड दिली आहे, साध्या १७ ची पाठ नेहमीच्या काचेची आहे. प्रोचा कॅमेऱ्याचा उंचवटा फोनच्या पूर्ण रुंदीवर पसरलेला असून त्याच्या धारदार कडेवरचा रंग किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात राहिल्यास उडतो. नारिंगी आणि गडद निळ्या फोनवर ते चटकन दिसते, चंदेरी रंगावर कमी. त्यामुळे प्रो घेतल्यास ती कड झाकणारेच कव्हर घ्यावे. वजनात प्रो सुमारे तीस ग्रॅमने जड आहे. सकाळच्या जलद लोकलमध्ये एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हातात फोन धरणाऱ्यांनी दुकानात दोन्ही फोन जरूर हातात घेऊन पाहावेत.

पावसाळ्याबद्दल एक कळकळीची विनंती. दोन्ही फोन आयपी६८ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाच्या) दर्जाचे आहेत, पण ती चाचणी प्रयोगशाळेतली असते आणि पाण्याने झालेले नुकसान नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही. शिवाय फोन एकदा पडून चौकट किंचित वाकली, किंवा स्क्रीन बदलताना आतली चिकटपट्टी नव्याने लावली गेली नाही, की पाण्यापासूनचे संरक्षण पहिल्यासारखे राहत नाही. चार्जिंगच्या जागेत ओल असल्याची सूचना स्क्रीनवर आली, तर फोन हलकेच झटकून, वाऱ्यावर पूर्ण वाळू द्यावा. गरम हवेचा झोत किंवा कापूस वापरू नये.

मुलुंडकर

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या प्रकाशयोजनाकाराला विचारले. त्याच्या म्हणण्यानुसार या वर्षीच्या एकांकिकेत निम्म्याहून अधिक प्रवेश मंद, निळ्या प्रकाशातले आहेत. दुसरी एक गोष्ट लिहिताना लक्षात आली. प्रयोगात मला सातव्या रांगेत बसावे लागते हे खरे, परंतु रंगीत तालमीच्या दिवशी नाट्यगृह आमच्याच ताब्यात असते, वेशभूषा, रंगभूषा आणि प्रकाश सगळे प्रयोगासारखेच असते, आणि मी रंगमंचाच्या अगदी पुढ्यात उभा राहू शकतो. मग जाहिरातीची छायाचित्रे तेव्हाच काढली तर?

तिसरी_घंटा

तसे असेल तर माझेही मत बदलते. तीन-चार मीटरवरून साध्या १७ ची दुप्पट झूम दोन-अडीच मीटर रुंदीची चौकट देते, तीही मुख्य कॅमेऱ्याच्या एफ १.६ छिद्रातून, म्हणजे निळ्या प्रकाशात प्रोच्या टेलिफोटोपेक्षा अधिक प्रकाश घेऊन. तुमच्या या वर्षीच्या नाटकासाठी साधा १७ घ्या. पुढे कधी प्रयोग चालू असतानाच, जागेवरून न उठता छायाचित्रे काढण्याची जबाबदारी आली, तर मात्र टेलिफोटोला पर्याय नाही, हे मी आजही ठामपणे म्हणेन.

साधा फोन घेतल्यावर कॅमेऱ्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट चालू करून सेकंदाला २५ चौकटी निवडा. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने काही एलईडी दिव्यांखाली ३० चौकटींच्या चित्रणात पट्टे सरकताना दिसतात, ते यामुळे बरेच कमी होतात. एचडीआर (उजेड-काळोखाचा जास्त पल्ला टिपणारा) व्हिडिओ बंद ठेवा, म्हणजे व्हॉट्सॲपवर पाठवलेली क्लिप इतरांच्या फोनवर फिकट दिसणार नाही. चित्रण सुरू करण्यापूर्वी मुख्य पात्राच्या चेहऱ्यावर बोट दाबून फोकस आणि प्रकाश कुलूपबंद करा, आणि स्क्रीनवर दिसणारी सूर्याची खूण थोडी खाली ओढून प्रकाश कमी करा. स्पॉटखाली उभ्या पात्राचा चेहरा पांढरा पडतो, तो फोनला भोवतालचा काळोख उजळायचा असतो म्हणून.

मुलुंडकर

साधा १७, ट्रायपॉड आणि एक बिनतारी माइक, असे ठरवले आहे. या आठवड्यात बीकेसीतल्या ॲपल स्टोअरमध्ये जाऊन दोन्ही फोन हातात घेऊन पाहतो. रंगीत तालमीनंतर छायाचित्रे याच धाग्यावर देईन. त्यांतले काय सुधारता येईल ते तेव्हाही असेच स्पष्टपणे सांगावे.