यांत्रिक मोटारगाडी आणि वीजतंत्री: आयटीआयमध्ये कधीपासून?

प्रश्न: आयटीआयमधील यांत्रिक मोटारगाडी (मोटार मेकॅनिक) आणि वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) या व्यवसायांचे शिक्षण मुळात कोणत्या योजनेतून उभे राहिले, हे कोणी सांगू शकेल का?

उत्तर १: केंद्र सरकारने १९५० साली सुरू केलेल्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेत त्याचे मूळ आहे. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यातील उमेदवारीलाही कायद्याचा आधार मिळाला, आणि माझ्या मते खरा फरक त्यानेच पडला.

उत्तर २: आमच्या वेळी इंजिनाला हात लावण्याआधी कित्येक आठवडे लोखंडाचा तुकडा शेगड्यात, म्हणजे बाकाला बसवलेल्या पकडीत, पकडून कानशीने घासावा लागे, आणि काटकोन तपासायचा गुण्या लावल्यावर फटीतून उजेड दिसला की निदेशक तो मुकाट्याने परत करत.

उत्तर ३: आता सौरऊर्जा आणि विजेवरील वाहनांचे अभ्यासक्रमही आले आहेत, कानस मात्र सुटलेली नाही, असे पुतण्या सांगतो.